तिसरा बुधवार

मी याद्या करणारी बाई आहे. अंबरनाथला आमच्या वस्तीत जे बुद्धविहार आहे, त्याच्या महिला मंडळाची मी चिटणीस. पौर्णिमेच्या वंदनेला चटया किती लागतील, खीरदानाला दूध किती, वर्षावासात म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत ग्रंथवाचन कोणत्या दिवशी कुणाच्या घरी, हे सगळं माझ्या वहीत असतं. आमचे अध्यक्ष म्हणतात, "विशाखाताईंच्या वहीत नाव नसेल तर तो माणूस जन्मलाच नाही असं समजा."

लोकांना वाटतं हा स्वभाव आहे. स्वभाव नाही, हे मला आजाराने शिकवलं. तो आजार मला दहाव्या वर्षी झाला आणि त्याचं इंजेक्शन गेल्या चैत्रात बंद झालं. आज मी सेहेचाळीस वर्षांची आहे. ज्यांच्या घरात असं मूल आहे, विशेषतः ज्या आया एकट्याने दवाखाने सांभाळतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डॉक्टरांची पुस्तकं मी वाचलेली नाहीत. माझ्या बाबतीत जे झालं तेवढंच सांगते.

आज उजवा, उद्या डावा

आम्ही तेव्हा अंबरनाथमधल्याच मोरिवली गावात राहायचो, कारखान्यांच्या मागे, भाड्याच्या दोन खोल्यांत. बाबा एका केमिकल कंपनीत शिफ्टवर. आई घरी जीन्सचं काम करायची. उल्हासनगरच्या शेठचा माणूस दर बुधवारी टेम्पोतून शिवलेल्या पॅण्टींचे गठ्ठे टाकायचा आणि आधीच्या बुधवारचे घेऊन जायचा. आई त्यांचे लोंबणारे धागे कापायची. आमच्या घरात सगळीकडे निळे धागे असायचे. भातात निघायचे, केसांत निघायचे.

चौथीत असताना माझा घसा दुखला. मिठाच्या गुळण्या केल्या, बरा झाला. दोन-तीन आठवड्यांनी उजवा गुडघा सुजला. दोन दिवसांनी गुडघा ठीक आणि डावा घोटा सुजला.

बाबा म्हणाले, "काल उजवा, आज डावा. उद्या काय दुखणार ते आताच सांगून ठेव, म्हणजे शाळेत चिठ्ठी देतो."

शेजारच्या मावशी म्हणाल्या, हाडं वाढतात तेव्हा दुखतं. सगळ्यांना ते पटलं, मलाही. मग एक दिवस शाळेच्या जिन्यात मी अर्ध्यावर बसले आणि उठूच शकले नाही. पाय दुखत होते म्हणून नव्हे, श्वास पुरत नव्हता म्हणून. आईला बोलावून आणलं. धागे कापायची कात्री तिच्या कमरेला तशीच खोचलेली होती. दहा वर्षांच्या मला तिने कडेवर घेतलं आणि रिक्षात घातलं.

ज्या दिवशी कळलं

उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात एक सिंधी डॉक्टर मॅडम होत्या. सगळ्या मुलांना त्या 'पुट' म्हणायच्या, त्यांच्या भाषेत बाळ. माझ्या छातीला नळी लावून त्या फार वेळ ऐकत राहिल्या. पाठीवरून ऐकलं, कुशीवर वळवून ऐकलं. तपासण्या झाल्या. संध्याकाळी बाबा कंपनीच्या कपड्यांतच आले तेव्हा त्यांनी दोघांना समोर बसवलं. हा संधिवाताचा ताप आहे, म्हणाल्या, घशातून सुरू होतो, सांधे धरतो आणि मग हृदय. हिच्या हृदयाची एक झडप सुजली आहे, नीट मिटत नाही.

बाबा म्हणाले, "मॅडम, दहा वर्षांची पोर आहे. तिला हार्टचं कसं होईल?"

"दिल तो उसको भी है ना, भाऊ," मॅडम म्हणाल्या.

आईने माझा फ्रॉक गुडघ्यापर्यंत खाली ओढला आणि धरून ठेवला.

सहा आठवडे

दवाखान्यात सहा आठवडे पडून होते. खाली उतरायचं नाही, संडासलाही नाही. मोठी झाल्यावर मी पुष्कळ दुखणी सोसली, पण खाटेवरच्या त्या भांड्याची लाज अजून आठवते. सकाळी सहाला ताप बघायचा, मग दूध, मग गोळ्या, दहाला डॉक्टरांची फेरी, बाराला बिनमिठाची डाळ. सिस्टर मनगट धरून घड्याळाकडे बघायच्या. मी विचारलं काय बघता, तर त्यांनी मला माझीच नाडी मोजायला शिकवली. त्यानंतर मी दिवसातून वीसदा मोजायची. एवढा एकच उद्योग मला परवानगीचा होता.

भीती वाटायची, पण ती कुणाला सांगितली नाही. 'झडप' म्हटल्यावर मला आमच्या मालकांच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार डोळ्यांसमोर यायचं, एका बिजागरीवर लटकणारं. आपल्या आतलं दार तसंच असणार, असं मी धरून चालले होते. ते उघडं पडू नये म्हणून सहा आठवडे मी कूस बदलली नाही.

शेजारच्या खाटेवर एक सिंधी आजी होत्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या भाजलेला पापड द्यायच्या. मला मीठ बंद होतं. एकदा सिस्टर ओरडल्या तेव्हा आजी म्हणाल्या, "अरे, खाती नहीं है. सूंघ रही है." आणि खरोखर रोज दुपारी चारला त्या पापडाचा तुकडा माझ्या नाकाखाली धरायच्या. त्या वासावर मी पुढचा दिवस काढायची.

पौर्णिमा

आता ती चूक. ती सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

मला घरी सोडलं तो पौर्णिमेचा दिवस होता. निघताना पहिलं मोठं इंजेक्शन दिलं, दुधासारखं पांढरं, जाड. मॅडमनी बाबांना सांगितलं की हे दर एकवीस दिवसांनी घ्यायचं, वर्षानुवर्षं घ्यायचं, पुन्हा घसा-ताप होऊन झडपेवर येऊ नये म्हणून. कागदावर इंग्रजीत लिहून दिलं. बाबांना दुपारच्या शिफ्टला जायचं होतं. रिक्षात त्यांनी आईला सांगितलं, "महिन्याला एक सुई आहे. गावातल्या दवाखान्यात पण देतात."

आईला वाचता येत नव्हतं, अजूनही येत नाही. पण महिना तिला पक्का कळायचा, कारण दर पौर्णिमेला ती विहारात जायची. त्या दिवशी पांढरं पातळ नेसायची, अष्टशील पाळायची, दुपारनंतर जेवायची नाही आणि शेठच्या गठ्ठ्याला हात लावायची नाही. महिन्यात तिचा स्वतःचा असा तो एकच दिवस होता. म्हणून तिने त्यात माझी सुई बसवली. सकाळी वंदना, तिथून मला घेऊन गावातल्या दवाखान्यात. कंपाउंडर कागद न बघता सुई टोचायचा. आईला वाटायचं आपण किती शिस्तीने करतोय, आणि ती शिस्तच होती. कुणी तिला अंधश्रद्धाळू म्हणेल तर मी भांडेन. तिने वेळापत्रक केलं होतं. फक्त आकडा चुकीचा होता.

असं आठ महिने चाललं. नवव्या महिन्यात, वर्षावास चालू असताना, माझा घसा पुन्हा दुखला. मग मनगट, मग श्वास.

पुन्हा त्याच मॅडम. त्यांनी विचारलं, "इंजेक्शन चुकवलं का?"

"एकपण नाय," आई म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. "दर पौर्णिमेला घेतलंय. मागच्या पौर्णिमेला तर पाऊस होता, तरी नेलं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अम्मा, पूनम कितने दिन बाद आती है?"

आई बोटांवर मोजायला लागली. मोजता मोजता थांबली. मग बाबांनी सांगितलं, "एकोणतीस. कधी तीस."

"और मैंने कितना बोला था?"

एकवीस बोलल्या होत्या. दर महिन्याला आठ-नऊ दिवस मी औषधाविना उघडी होते. मॅडम आईला रागावल्या नाहीत. बाबांना त्या मराठीतच म्हणाल्या, "आता दुसरी वेळ झाली. व्हॉल्व अजून टिकलाय. तिसऱ्यांदा झालं तर टिकणार नाही. मग ऑपरेशन, आणि ते पण झेपेल की नाही सांगता येत नाही."

तिसऱ्यांदा होऊ द्यायचं नाही. मी अकरा वर्षांची होते आणि त्या दिवसापासून पस्तीस वर्षं माझं आयुष्य या एका वाक्यावर चाललं.

घरात

घरी आल्यावर बाबा आईला बोलले. "पुण्य कमवायला गेलीस आणि पोरीचं काळीज घालवून बसलीस." एकदाच बोलले, पण भिंती पातळ होत्या, शेजारी ऐकू गेलं. पुढच्या पौर्णिमेला आईने पांढरं पातळ काढलं नाही. सकाळीच गठ्ठा सोडून धागे कापत बसली. विहारात ती इतर दिवशी जायची. झाडायला जायची, जयंतीला जायची, कुणाच्या मयताला जायची. पौर्णिमेला मात्र कधीच नाही. आम्ही विचारायचं सोडून दिलं.

खूप वर्षांनी, मी कॉलेजात असताना, बाबा मला म्हणाले, "महिना हा शब्द माझा होता. मीच तिला महिना बोललो."

"मग आईला सांगा ना."

"सांगतो."

त्यांनी सांगितलं नाही. ते गेल्यावर मी सांगितलं. आई पॅण्ट झटकत म्हणाली, "ठाऊक आहे मला. रिक्षात मी पण होते की."

वार बदलत नाही

दुसऱ्यांदा दवाखान्यात पडले असताना मी शाळेच्या वहीत पट्टीने एकवीस चौकोन आखले. रोज एक खोडायचा. कागद पुरावा म्हणून सात-सातच्या तीन ओळी केल्या आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की एकवीस म्हणजे बरोबर तीन आठवडे. सुई बुधवारी घेतली तर पुढची बुधवारीच येणार. वार बदलतच नाही. मोठ्या माणसांपैकी कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

आई डबा घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, "आई, पौर्णिमा सोड. बुधवार धर. गठ्ठेवाला येतो ना, तो तीनदा आला की सुई."

आईने ते दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. घरी गेल्यावर तिने कपाटाच्या खिळ्याला एक निळा धागा बांधला. टेम्पो आला की एक गाठ. तिसरी गाठ पडली की गठ्ठे तसेच ठेवून आम्ही दोघी निघायचो. परत आल्यावर गाठी मारलेला धागा फेकून द्यायची आणि नवा बांधायची. माझी वही आणि तिचा धागा कधी जुळले नाहीत असं झालं नाही.

शेठने पुढे तिचं काम बंद केलं. टेम्पो यायचा थांबला. धागा थांबला नाही. माझं लग्न होऊन मी काही वर्षं बदलापूरला राहायला गेले तेव्हा मला वाटलं आता सुटली बिचारी. पण तिसऱ्या बुधवारी सकाळी फोन: "निघालीस का?"

जे मला उपयोगी पडलं

एवढ्या वर्षांत शिकलेल्या गोष्टी सांगते. कागद, म्हणजे फाइल, नेहमी एकाच पिशवीत ठेवा आणि पिशवी दाराजवळ. सुई घ्यायच्या आधी बाटली थोडा वेळ मुठीत धरा, औषध कोमट झालं की कमी दुखतं. सुई ज्या बाजूला घेणार त्या पायावर भार देऊ नका. घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसा, घाई करू नका. दात काढायचा असेल तर दातवाल्याला आधी सांगा. मुलाचा घसा दुखला तर 'पाणी बदललं असेल' म्हणून सोडून देऊ नका.

लग्न ठरताना लपवू नका. दोन स्थळं मोडली. तिसरे माझ्यासमोर बसलेले, आता माझे यजमान, ऐकून म्हणाले, "तीन आठवड्यांनी एक चक्कर ना? आमच्या गाडीला तर दर आठवड्याला गॅरेज लागतं." त्या क्षणी मला राग आला होता. पण त्यांनी पुढे शब्द पाळला. लॉकडाऊनमध्ये गळ्यात माझी फाइल अडकवून पोलिसांना दाखवत त्यांनी मला स्कूटरवरून नेलं. बाळंतपणाच्या वेळी नऊ महिने माझ्यापेक्षा त्यांनाच धाप लागत होती. मुलगी झाली, दोघी ठीक राहिलो.

औषध मिळालं नाही असंही झालं. तीनदा. एकदा कल्याणपर्यंत सात दुकानं फिरलो. उशीर झाला तो दोन दिवसांचा, जास्त कधीच नाही. वह्या मोजल्या तर सहाशे चार सुया होतात.

विहाराचं काम मी सोळाव्या वर्षी सुरू केलं, मुलांचा रविवारचा वर्ग घेऊन. खरं सांगायचं तर धम्मापेक्षा जास्त मला मुलांचे घसे तपासायचे होते. अजूनही माझ्या वहीत मागच्या बाजूला एक वेगळी यादी आहे. वस्तीतली, आसपासची जी मुलं अशी सुई घेतात, त्यांची नावं. चार रकाने आहेत: नाव, वार, दवाखाना आणि 'आठवण कोण करणार'. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आईबाप दमलेले असतात. तिसरं माणूस लागतं.

बंद

गेल्या चैत्रात नव्या डॉक्टरांनी तपासण्या बघितल्या. म्हणाले, "झडप आहे तशीच आहे, वाढलेली नाही. आता इंजेक्शन बंद करू. वर्षातून एकदा दाखवायला या."

मी विचारलं, "नक्की?" त्यांनी कागदावर लिहून दिलं. मराठीत लिहायला लावलं मी.

बाहेर आल्यावर आनंद व्हायला हवा होता. मला भलतंच मोकळं वाटत होतं, पायऱ्यांचा कठडा काढून घेतल्यासारखं. आईला फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे तिसऱ्यांदा झालं नाय."

"नाही झालं, आई."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

वैशाखातल्या पौर्णिमेला मी विहारात खीर द्यायचं ठरवलं. पातेलं आईच्या घरी होतं, ते घरही विहाराच्या मागच्याच गल्लीत. मी म्हटलं, "आणून दे." तिने सांगितलं, "दारापर्यंत आणते. आत नाय येणार." पस्तीस वर्षांत ती पौर्णिमेला दारापर्यंतही आली नव्हती, म्हणून मी आग्रह केला नाही.

ती पातेलं घेऊन दारात उभी होती तेव्हा मी आत रेखाशी बोलत होते. रेखा वांगणीला नव्या इमारतीत राहते, मोरिवलीकडे एका औषध कंपनीत पॅकिंगला जाते. तिची नऊ वर्षांची सान्वी नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती. तोच आजार, तीच सुई. मी वही काढली आणि विचारलं, वार कोणता लिहू?

रेखा म्हणाली, "वाराचं कशाला, ताई? मी पौर्णिमेला इथं येतेच ना. त्याच दिवशी अंबरनाथला सुई पण घेऊन टाकते. एका फेरीत दोन्ही कामं. रजा पण एकच पडते."

मी तोंड उघडलं. पण आवाज माझ्या मागून आला.

"किती दिवसांनी येते गं पौर्णिमा?"

आई चप्पल काढून आत आली होती. पातेलं तिने बुद्धमूर्तीसमोर नव्हे, मध्येच जमिनीवर ठेवलं आणि रेखासमोर बसली.

रेखा गोंधळली. "महिन्याने, आजी."

"महिना म्हणजे किती? बोटं मोज."

"एकोणतीस... तीस."

"आणि डॉक्टर किती बोलला?"

"एकवीस." रेखाचा चेहरा उतरला. "पण आजी, आठ-नऊ दिवसांनी काय होतंय?"

"काय होतंय ते मला विचार." आईने माझ्याकडे बोट केलं. "ही बसलीय ना वही घेऊन, हिच्या काळजाला दुसऱ्यांदा सूज आली ती त्या आठ दिवसांत. मी आणली. असंच पांढरं पातळ नेसून, असंच एका फेरीत दोन कामं करून."

वंदनेला जमलेल्या बायका वळून बघायला लागल्या. त्यांतल्या निम्म्या आईला तीस वर्षं ओळखतात. हे कुणाला माहीत नव्हतं. मला वाटलं आता ती रडेल. ती रडली नाही.

"कंपनीला सुट्टी कधी असते तुझ्या?"

"शुक्रवारी."

"मग शुक्रवार धर. रजा टाकायलाच नको. या शुक्रवारी घे, मग दर तिसऱ्या शुक्रवारी. पौर्णिमेला इथं ये, वंदना कर, खीर खा. सुई शुक्रवारी."

मी वहीत लिहिलं: सान्वी. शुक्रवार. दवाखान्याचं नाव. मग चौथ्या रकान्यापाशी थांबले आणि नेहमीप्रमाणे बायकांकडे बघितलं, कोण घेणार?

"माझं लिही," आई म्हणाली.

"आई, तुला वहीतलं वाचता येणार नाही."

"वही तू वाच. मला धागा आहे."

मी तिचं नाव लिहिलं. वंदना सुरू झाली तेव्हा ती उठून गेली नाही. शेवटच्या चटईवर, नेहमीच्या हिरव्या पातळात, हात जोडून बसली.

त्या शुक्रवारनंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी सकाळी सहाला माझा फोन वाजला. मला वाटलं सवयीने केला असेल, आता मला सुई नाही हे विसरली असेल. मी म्हटलं, "आई, माझं बंद झालंय."

"तुझं कोण विचारतंय?" ती म्हणाली. "रेखाला लाव फोन. तिसरी गाठ पडली."